वाफेच्या इस्त्रीतून पांढरा चुरा पडतो, तेव्हा आधी सोसायटीची टाकी बघा

कांदिवलीहून एका ताईंचा प्रश्न आला आहे. नव्या टॉवरमध्ये राहायला गेल्यापासून त्यांची दुसरी स्टीम इस्त्री बिघडली. मुलाच्या काळ्या पँटवर पांढरे ठिपके पडतात, तळातून वाफेऐवजी पाणी थुंकल्यासारखं उडतं आणि मधूनच तपकिरी डाग येतो. सर्व्हिसवाल्याने सांगितलं, ‘तुमच्याकडचं पाणी जड आहे, डिस्टिल्ड वापरा.’ शेजारीण म्हणते व्हिनेगर ओता, सगळं साफ होईल. त्यांचा सवाल असा की आधी चाळीत होत्या तेव्हा तसलीच इस्त्री नळाच्या पाण्यावर कितीतरी वर्षं चालली, मग मुंबईचं पाणी एकाएकी जड कसं झालं?

लालबाग-परळ भागात इस्त्र्या, मिक्सर, गिझर उघडून बसणं हाच माझा धंदा आहे, आणि हा प्रश्न दर उन्हाळ्यात काउंटरवर येतो. ताई, मुंबईचं पाणी जड झालेलं नाही. तुमच्या टाकीत येणारं पाणी बदललं आहे.

महापालिकेचं पाणी येतं सात तलावांतून: भातसा, अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, आणि शहराच्या पोटातले विहार नि तुळशी. विहार तर १८६० पासून या शहराला पाजतोय. हे सगळं पावसाचं पाणी. सह्याद्रीच्या काळ्या दगडावरून धो धो वाहत खाली येतं, खडकात मुरायला, त्यातले क्षार विरघळवून घ्यायला त्याला वेळच मिळत नाही. म्हणून ते मऊ असतं. टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यातले एकूण विरघळलेले क्षार दाखवणारा मीटर, बुडवला तर बहुतेक ठिकाणी आकडा लिटरमागे दीडशे मिलिग्रॅमच्या आत राहतो. चाळीतल्या नळाला हेच पाणी होतं.

बोअरवेलचं आणि बोअरवरून भरलेल्या टँकरचं पाणी वेगळं. तेच पावसाचं पाणी खडकाच्या भेगांत वर्षानुवर्षं मुरून बसतं आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊनच वर येतं. यालाच जड पाणी म्हणतात. खाडीजवळ असेल तर वर मीठही. उपनगरातल्या बऱ्याच नव्या इमारतींत पालिकेचं पाणी पुरत नाही, मग टँकर येतो आणि सगळं एकाच जमिनीखालच्या टाकीत ओततात. मे-जूनमध्ये पाणीकपात लागली की टँकर वाढतात. म्हणजे जानेवारीत तुमच्या नळाला एक पाणी आणि मेमध्ये दुसरं. त्यामुळे सर्व्हिसवाला खोटं बोलला नाही, पण त्याने अर्धंच सांगितलं. इस्त्रीला हात लावण्याआधी सोसायटीच्या सेक्रेटरीला किंवा वॉचमनला विचारा: टँकर किती येतात, बोअर फ्लशच्याच लाइनला आहे की वरच्या टाकीतही सोडतात, तळघरात सॉफ्टनर, म्हणजे पाणी मऊ करायचं यंत्र, बसवलाय का? सेक्रेटरी ‘सगळं बीएमसीचंच’ म्हणतील. वॉचमन खरं सांगतो.

घरी तपासायचं असेल तर टीडीएस मीटरवर विसंबू नका. आरओवाला येऊन तो पेनासारखा मीटर बुडवतो आणि आकडा दाखवून घाबरवतो, पण तो मीटर पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून एकूण विरघळलेले क्षार सांगतो. त्यात चुना किती, मीठ किती हे त्याला कळत नाही. जडपणा बघायला साधा साबण पुरतो. दोन सारख्या बाटल्या घ्या, एकीत नळाचं पाणी, दुसरीत आरओचं. दोन्हींत अंगाच्या साबणाचा तेवढाच कीस टाकून हलवा. डिटर्जंट पावडर नको, ती जड पाण्यातही फेसते. नळाच्या बाटलीत फेस न येता दह्यासारखा साका धरला, तर पाणी जड. नेमका आकडा हवा असेल तर शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानात जडपणा मोजायचं जीएच टेस्ट किट मिळतं, थेंब मोजायचे असतात. त्यातला एक अंश म्हणजे लिटरमागे सुमारे १७.८ मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची स्वीकार्य मर्यादा २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे पिण्याला चालणारं पाणी इस्त्रीला चालेलच असं नाही.

हिशेब करून बघा. इस्त्रीची टाकी साधारण पाव लिटरची. ६०० मिलिग्रॅमच्या पाण्याने एकदा भरली की १५० मिलिग्रॅम क्षार आत गेले. आठवड्याला दोन टाक्या धरल्या तर वर्षाला १५ ग्रॅमच्या वर. पाणी वाफ होऊन निघून जातं, क्षाराला उडता येत नाही. थोडा भोकांतून कपड्यावर पडतो, तोच तुमचा पांढरा ठिपका. बाकीचा आत बसतो.

कुठे बसतो ते कळलं की पुढचं सगळं आपोआप कळेल. हँडल आणि टाकी काढून बाजूला ठेवली की खाली ओतीव ॲल्युमिनियमची जाड प्लेट दिसते. हीटिंगचा रॉड तिच्यातच ओतलेला असतो, म्हणून तो बदलता येत नाही. प्लेटच्या मधोमध झाकण बसवलेला एक कप्पा असतो, आत भिंती घालून वळणावळणाच्या वाटा केलेल्या. टाकीच्या तळाला सुईएवढी बारीक झडप असते. स्टीमचा नॉब फिरवला की ती उघडते आणि पाणी थेंबाथेंबाने या तापलेल्या कप्प्यात पडतं, पडल्याबरोबर वाफ. टँकरच्या पाण्यावर चाललेल्या इस्त्रीत हे झाकण उघडलं की थेंब पडतो त्याच जागी पांढरट-पिवळट गोल थर दिसतो, अंड्याच्या टरफलासारखा, स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने खरवडला तर कपचे निघतात. क्षाराचा हा थर उष्णता नीट जाऊ देत नाही. प्लेट खाली कडक तापलेली असते, पण थेंब पडतो तो थरावर, आणि तिथे तेवढा ताव नसतो. थेंबाची वाफ न होता तो तसाच भोकातून बाहेर येतो. तुम्ही म्हणता ते थुंकणं ते हेच. तपकिरी डाग बहुतेक वेळा आत साचलेला गाळ, कापडाचे तंतू आणि जळकी खळ मिळून येतो. पाण्यात लोह असेल तर रंग आणखी गडद.

एक मात्र तपासा, कारण थुंकणारी प्रत्येक इस्त्री क्षाराने भरलेली नसते. नॉब एका ठिपक्यावर, म्हणजे सिल्क-सिंथेटिकवर, ठेवून स्टीम चालू केली तर नवी कोरी इस्त्रीसुद्धा गळेल. वाफ दोन किंवा तीन ठिपक्यांवरच करायची, आणि दिवा विझेपर्यंत थांबून मग. दुरुस्तीला आलेल्या इस्त्र्यांत अशा पुष्कळ निघतात की ज्यांना काहीच झालेलं नसतं.

आता पाणी कोणतं घालायचं. आधी माहितीपत्रक वाचा, ते डब्यासकट फेकलं असेल तर कंपनीच्या साइटवर मिळतं. काही कंपन्या डीमिनरलाइज्ड (डीएम), म्हणजे क्षार काढून टाकलेलं पाणीच घाला म्हणतात, काही नळाचंच घाला म्हणतात, काही जड पाण्यात निम्मं डिस्टिल्ड मिसळा म्हणतात, आणि काही निव्वळ डिस्टिल्डला मनाई करतात. ज्याची इस्त्री त्याचा नियम पाळायचा. माहितीपत्रकाची आडकाठी नसेल तर माझी पसंती घरच्या आरओच्या पाण्याला. ते क्षारमुक्त नसतं, पण बोअरच्या मानाने फारच हलकं असतं. शिवाय इस्त्रीला आठवड्याला अर्धा लिटर लागतं, त्यासाठी वेगळा खर्च नाही. चव यावी म्हणून आरओ मशीनमध्ये न गाळलेलं पाणी थोडं मिसळण्याचा स्क्रू असतो, तो फार उघडा ठेवलेला नाही ना एवढं बघा. आरओचं फुकट जाणारं पाणी लोक लादी पुसायला बादलीत धरतात, ते स्तुत्यच आहे, पण त्याच बादलीतला पेला इस्त्रीत ओततात! त्या पाण्यात नळापेक्षा जास्त क्षार असतात, कारण पिण्याच्या पाण्यातून काढलेला सगळा माल तिकडेच गेलेला असतो.

बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड किंवा डीएम पाणी चालतं. बॅटरीच्याच दुकानात पातळ ॲसिडचेही कॅन असतात आणि दिसायला दोन्ही पाण्यासारखीच, म्हणून सुट्या बाटलीत भरून आणू नका, सीलबंद आणि नाव छापलेलंच घ्या.

उकळलेल्या पाण्याबद्दल बरेचजण विचारतात. जडपणा दोन प्रकारचा. बायकार्बोनेटचा उकळल्यावर खडू होऊन तळाशी बसतो, तेवढा जातो. सल्फेट आणि क्लोराइडचा उकळून जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे तो दाटच होतो. उकळून, रात्रभर ठेवून, वरचं निवळ काढून घेतलं तर थोडा फायदा होतो. एवढा उद्योग करण्यापेक्षा आरओचा एक तांब्या बरा. एसीच्या पाइपमधून ठिबकणारं पाणी क्षाराविना असतं हे खरं, पण ते कॉइलवरची धूळ, बुरशी घेऊन उतरतं आणि त्या पाण्याची वाफ तुम्ही ऑफिसच्या शर्टावर सोडणार. मी घालत नाही.

सॉफ्टनरचं जरा सविस्तर सांगतो, कारण टॉवरवाल्यांची इथेच फसगत होते. तळघरातला सॉफ्टनर मिठाच्या जोरावर पाण्यातला कॅल्शियम काढून घेतो आणि बदल्यात सोडियम सोडतो. साबण छान फेसतो, नळांवरचे पांढरे डाग कमी होतात, सगळे खूश. पण पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा एकूण भार तेवढाच राहतो. हे पाणी इस्त्रीत तापलं की सोडियम बायकार्बोनेटचा सोडियम कार्बोनेट होतो, म्हणजे धुण्याचा सोडा. टरफलासारखा कडक थर बसत नाही, पण पांढरी भुकटी साचते, पाणी फेसाळून थुंकतं आणि हा सोडा ॲल्युमिनियमला खातो. म्हणून पुष्कळ माहितीपत्रकांत सॉफ्टनरचं पाणी नको असं स्पष्ट लिहिलेलं असतं. खाडीकाठच्या खाऱ्या बोअरचंही तसंच. तिथे थर कमी, गंज जास्त, आणि गंजलेल्याला कुठलंही आंबट औषध लागू पडत नाही.

पाण्याइतकीच महत्त्वाची एक सवय आहे आणि ती बहुतेक घरांत नसते. इस्त्री झाल्यावर टाकी रिकामी करायची. प्लग काढा, स्टीमचा नॉब बंद करा, भरतो त्याच तोंडातून उरलेलं पाणी सिंकमध्ये ओतून द्या. मग इस्त्री पुन्हा दोनेक मिनिटं पूर्ण तापवून स्टीम उघडी ठेवा, म्हणजे कप्प्यातला शेवटचा ओलावाही उडून जाईल. स्टीम बंद, प्लग बाहेर, आणि इस्त्री टाचेवर उभी. पाणी तसंच ठेवलं तर झडपेतून ते झिरपत राहतं, कोमट कप्प्यात हळूहळू सुकतं आणि नेमकं झडपेच्या तोंडाशीच क्षार धरतं. आपल्या हवेत आतले स्क्रू नि स्प्रिंग गंजायला एवढं निमित्त पुरतं. पावसाळ्यात तर अर्धे ओले युनिफॉर्म सकाळी इस्त्रीने वाळवायचे असतात, इस्त्री रोज चालते आणि रोज भरलेलीच ठेवली जाते. जुलै-ऑगस्टमध्ये माझ्याकडे रांग लागते ती उगाच नाही.

सेल्फ-क्लीनचं बटण असेल तर ते वापरा. माहितीपत्रकात महिन्याला एकदा लिहिलं असेल तर टँकरच्या इमारतीत पंधरवड्याला एकदा करा. टाकी काठोकाठ भरायची, तीही चांगल्या पाण्याने. तापमान सगळ्यात वर, दिवा विझू द्यायचा, पुन्हा लागून पुन्हा विझला की प्लग काढायचा. इस्त्री सिंकवर आडवी धरून सेल्फ-क्लीन दाबून ठेवायचं आणि हलके पुढे-मागे हलवायचं. एकदम भरपूर पाणी तापल्या कप्प्यात पडल्याने थराला तडे जातात आणि कपचे उकळत्या पाण्याबरोबर बाहेर येतात. सिंकमध्ये पांढरे-तपकिरी कण दिसले की समजा काम झालं. हात लांब ठेवा, मुलांना स्वयंपाकघराबाहेर काढा. त्यानंतर इस्त्री तापवून जुन्या टॉवेलवर फिरवा, पहिला शर्ट तिच्याखाली देऊ नका.

मात्र हे नव्या इस्त्रीला पहिल्या महिन्यापासून केलं तरच फळतं. वर्षभर साचलेल्या थराला ते हलवू शकत नाही. उलट सुटलेला मोठा कपचा भोकात अडकून बसतो.

आता शेजारणीचं व्हिनेगर. टाकीत ओतू नका. कप्पा ॲल्युमिनियमचा, आणि त्यावर थेंब पसरून पटकन वाफ व्हावी म्हणून एक पातळ लेप दिलेला असतो. गरम आम्ल क्षाराबरोबर तो लेप आणि धातूही खातं. एकदा लेप गेला की पाणी नुसतं गोळ्या होऊन नाचतं आणि थुंकणं कायमचं. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो हा. शिवाय बहुतेक कंपन्यांची व्हिनेगरला मनाई आहे, वॉरंटी गेलीच. व्हिनेगर दोन ठिकाणी चालतं. काही इस्त्र्यांत ती सुईची झडप वर ओढून काढता येते, ती सुई व्हिनेगरमध्ये काही तास बुडवा, टोक नखाने न खरवडता नळाखाली धुवा. आणि तळ स्टीलचा असेल तर थंड इस्त्रीच्या भोकांभोवतीची पांढरी कड व्हिनेगरच्या बोळ्याने पुसा.

इस्त्री वॉरंटीबाहेर आहे, वाफ जवळजवळ बंद पडली आहे आणि तुम्ही ती टाकूनच देणार आहात, अशा वेळी शेवटचा उपाय म्हणून अर्धा लिटर कोमट पाण्यात चहाचा एक चमचा लिंबूसत्त्व (सायट्रिक ॲसिड) विरघळवून प्रयोग करायला हरकत नाही. लिंबूसत्त्व प्रिन्सेस स्ट्रीटला केमिकलच्या दुकानांत स्वस्त मिळतं, वाण्याकडेही असतं. इस्त्री किंचित गरम करून प्लग काढायचा, ते पाणी भरून स्टीम उघडी ठेवून ताटात आडवी ठेवायची, वीसेक मिनिटं झिरपू द्यायचं. उकळवायचं अजिबात नाही. लिंबूसत्त्व आणि चुना मिळून जो कॅल्शियम सायट्रेट होतो तो गरम पाण्यात आणखीच कमी विरघळतो, मग जुन्या थराच्या जागी नवा थर. नंतर साध्या पाण्याने दोन-तीन टाक्या धुवून काढायच्या आणि जुन्या कपड्यावर भरपूर वाफ सोडायची. जगली तर जगली.

टाकीत पाण्याशिवाय काही घालायचं नाही, हेही सांगावं लागतं. गुलाबपाणी, अत्तर, कपडे मऊ करायचं लिक्विड, सगळं मी आत चिकट काळं झालेलं बघितलं आहे. खळ घालायची तर साडीला वरून लावा, आणि इस्त्री उलट्या बाजूने करा. तळावर खळ जळून चिकटली तर कोमट असताना ओल्या सुती फडक्याने पुसा. स्टीलच्या तळाला खाण्याच्या सोड्याची पेस्ट चालते, फक्त भोकांत जाऊ देऊ नका. नॉनस्टिक तळाला घासणी लागली की तो संपला. गरम तळावर पॅरासिटामॉलची गोळी घासायची युक्ती घरोघरी माहीत आहे. जळका डाग सुटतो खरा, पण वितळलेली गोळी भोकांत उतरते. स्टीम इस्त्रीला ती करू नका.

नवी घेणार असाल तर वॉटेजच्या आकड्याला भुलू नका. १६०० वॉटची इस्त्री २३० व्होल्टवर सात अँपिअर ओढते, तिला सहा अँपिअरचा छोटा सॉकेट पुरत नाही, सोळाचा मोठा लागतो. सॉकेट पिवळा पडायला लागला की कारण हेच असतं. सेल्फ-क्लीन आणि काढता येणारी सुई या दोन गोष्टी बघून घ्या. अँटी-कॅल्क कार्ट्रिज, म्हणजे पाण्यातला क्षार अडवणारी डबी, असेल तर ते वेगळं मिळतं का, केवढ्याला मिळतं ते आधी विचारा. शिवणाच्या कारखान्यांत वरून बाटली टांगलेल्या इस्त्र्या असतात, त्यांच्या बाटलीत रंग बदलणारं रेझिन, म्हणजे क्षार शोषून घेणारे बारीक दाणे, भरलेलं असतं. रंग उतरला की कारागीर रेझिन बदलतो, आणि म्हणून त्या इस्त्र्या दिवसभर राबूनही टिकतात. घरच्या कार्ट्रिजमध्येही बहुधा तसलंच रेझिन असतं, पण ते बदलायची आठवण कुणालाच राहत नाही.

आणि माझ्या धंद्याच्या विरुद्ध जाणारं एक मत: घरात मुख्यतः सुती शर्ट आणि शाळेचे युनिफॉर्म असतील तर साधी ड्राय इस्त्री आणि पाण्याचा स्प्रे पुरतो. ड्राय इस्त्रीत कप्पा नाही, झडप नाही, टँकर आला काय नि गेला काय, तिला फरक पडत नाही. स्टीम लागते ती लिननला, जाड कॉटनला आणि ड्रेसच्या चुण्यांना.

ताई, तुमच्या काळ्या पँटवरचे ठिपके आधी कोरडे असतानाच ब्रशने झटका, ओलं फडकं लावलं तर ते पसरतात. राहिलेच तर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून त्या फडक्याने टिपा. सध्याच्या इस्त्रीला वॉरंटी असेल तर तिला काहीही न करता सर्व्हिस सेंटरला द्या. नसेल तर आरओच्या पाण्याने दोनदा सेल्फ-क्लीन करून बघा, त्यानेही थुंकणं थांबलं नाही तर लिंबूसत्त्व. पण पाणी तळाच्या भोकांतून न येता हँडल आणि प्लेटच्या सांध्यातून येत असेल, तर कप्प्याचं सील गेलं आहे आणि ते पाणी विजेच्या जोडण्यांवर पडतंय. त्या इस्त्रीचा प्लग पुन्हा लावू नका.